ऐनवेळच्या कामाचा भार घराने का सोसावा?

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

नोकरी आणि घर यांचा मेळ कसा घालावा, या विषयावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वर्षभर काही ना काही छापून येत असते. त्यातील बहुतेक लेखनाचा रोख ठरलेला असतो. पहाटे लवकर उठावे, आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी करावी, 'नाही' म्हणायला शिकावे, स्वतःसाठी थोडा वेळ राखून ठेवावा. हे सल्ले चुकीचे आहेत असे माझे म्हणणे नाही. ते चुकीच्या माणसाला दिले जातात, असे मात्र मला आग्रहाने वाटते. ज्याच्या हाती स्वतःच्या दिवसाची सूत्रेच नाहीत, त्याला दिवसाचे नियोजन शिकवून काय साधणार? मी नोकरीची बहुतेक वर्षे एका आस्थापनेच्या कर्मचारी विभागात काढली. हजेरीपट, रजेचे अर्ज, पाळ्यांचे तक्ते, उशिरा आल्याबद्दलची खुलासापत्रे आणि वार्षिक गोपनीय अहवाल हे कागद रोज माझ्या टेबलावरून जात असत. त्या कागदांत जे दिसले, आणि जे त्यांत कधीच लिहिले गेले नाही, त्याविषयी हे पत्र आहे.

रजेच्या अर्जात 'रजेचे कारण' असा एक रकाना असतो. तो भरताना माणसे किती अवघडतात, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. सकाळी फोन येतो, "मॅडम, मुलीला रात्रीपासून ताप आहे, आज येऊ शकत नाही." दुसऱ्या दिवशी अर्ज येतो, आणि त्यात लिहिलेले असते, 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. प्रकृती कोणाची, याचा उल्लेख नसतो. मुलीचा ताप लिहिला तर "घरात दुसरे कोणी नाही का?" असा प्रश्न येतो, आणि स्वतःचा ताप लिहिला तर तो येत नाही, हे प्रत्येकाने अनुभवाने शिकून घेतलेले असते. पुरुषांची पंचाईत आणखी निराळी. वडिलांना डॉक्टरांकडे न्यायचे आहे, असे लिहिण्यापेक्षा 'बँकेचे काम' किंवा 'तातडीचे वैयक्तिक काम' असे लिहिणे त्यांना सोयीचे वाटते, कारण मूल किंवा म्हातारे आई-वडील सांभाळायला घरात बायको असते, असे वरिष्ठांनी गृहीतच धरलेले असते. परिणाम असा, की हजारो घरांतील आजारपणे, शाळांचे निरोप, रुग्णालयातील रात्री यांतले काहीही कार्यालयाच्या नोंदीत उमटत नाही. आमच्याकडे एका वर्षअखेरीस आजारपणाची रजा वाढलेली दिसली, तेव्हा व्यवस्थापनाने मोठ्या काळजीने आरोग्य तपासणी शिबिर भरवले. सर्वांचा रक्तदाब मोजला, रक्तातील साखर तपासली. ज्यांच्या आजारपणासाठी त्या रजा घेतल्या होत्या, ती मुले आणि म्हातारी माणसे अर्थातच घरी होती.

नोकरी करणाऱ्यांची मुख्य तक्रार कामाच्या तासांविषयी असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तास जास्त असतातच, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. परंतु इतकी वर्षे खुलासापत्रे वाचल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की घराची घडी मोडते ती प्रामुख्याने ऐनवेळी अंगावर टाकलेल्या कामामुळे. आठवड्यातून एक दिवस दोन तास अधिक थांबावे लागणार आहे, हे आठवडाभर आधी माहीत असेल तर कोणतेही कुटुंब त्याची व्यवस्था लावू शकते. तेच दोन तास कार्यालय सुटायला वीस मिनिटे असताना सांगितले, तर त्याच घराची त्रेधातिरपीट उडते.

ती वीस मिनिटे कशी जातात, ते मी अनेकदा जवळून पाहिले आहे. साहेबांच्या केबिनमधून निरोप येतो, "सगळ्यांनी पाच मिनिटे बसू या." ज्यांच्यावर घरी कोणी अवलंबून नाही, ते चरफडत का होईना, वही उचलून आत जातात. ज्यांच्यावर आहे, त्यांतील एखादी व्यक्ती पाणी प्यायला निघाल्यासारखी उठते आणि जिन्यात जाऊन उभी राहते. पहिला फोन पाळणाघराला, की आज थोडा उशीर होईल. तिथून उत्तर येते, की ठरलेल्या वेळेनंतर थांबायला आमच्याकडे बाई नाही. दुसरा फोन जोडीदाराला. तो किंवा ती स्वतःच कुठल्या तरी अशाच 'पाच मिनिटांत' अडकलेली असते. तिसरा फोन शेजारी, आणि तो करताना आवाज आपोआप खाली येतो, कारण याच शेजाऱ्यांना मागच्याच आठवड्यात त्रास दिलेला असतो. हे सारे आटोपून ती व्यक्ती आत येते, तेव्हा बैठक सुरू झालेली नसते. कोणाची तरी वाट पाहणे चाललेले असते. पुढे जो विषय निघतो, तो बहुधा सकाळीच ठाऊक असलेला असतो. आणि एवढे होऊनही कागदावर काय राहते? काहीच नाही. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांचे झालेले उपकार, घरी वाट पाहणाऱ्या मुलाची चिडचिड, नवरा-बायकोतील 'तुला जमले नसते का?' हा जुनाच वाद, हे कोणत्याही हिशेबात धरले जात नाही. आस्थापनेला ते काम फुकट मिळते.

कामाच्या दिवसाची जी मांडणी आपण आज नैसर्गिक समजतो, तिच्यातच ही गफलत आहे. आठ तास काम, आठ तास मनोरंजन आणि आठ तास विश्रांती ही घोषणा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश कारखानदार आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी रूढ केली, असे मानले जाते. कारखान्यांत बारा-चौदा तास राबणाऱ्या माणसांसाठी ती क्रांतिकारकच होती. 1919 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, हेही मोठे पाऊल होते. पण चोवीस तासांच्या त्या त्रिभागणीत स्वयंपाक कोणी करायचा, आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसायचे, मुलाचा अभ्यास कोणी घ्यायचा, यासाठी एकही तास राखून ठेवलेला नाही. ते करणारी दुसरी कोणी तरी घरात आहे, असे त्यात न बोलता गृहीत धरलेले आहे. ती 'दुसरी कोणी' आता स्वतः नोकरीला जाते, आणि आपण तासांची जुनी वाटणी तशीच चालवत आहोत.

हे न मोजलेले काम किती आहे, याचा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2018 च्या एका अहवालात दिला आहे. वेळेच्या वापराविषयी 64 देशांत झालेल्या पाहण्यांच्या आधारे काढलेल्या त्या अंदाजानुसार, जगात दररोज सुमारे 1640 कोटी तास विनामोबदला घरकाम आणि संगोपन यांत खर्च होतात. 200 कोटी माणसांनी दिवसाचे आठ तास पगाराविना काम करावे, एवढे हे श्रम होतात, आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक वाटा स्त्रियांचा आहे. तेव्हा ऐनवेळच्या कामाची झळ स्त्रियांना अधिक बसते, हे ओघानेच आले.

तरीही हा प्रश्न 'नोकरदार महिलांचा प्रश्न' म्हणून बाजूला काढून ठेवण्याला माझा सक्त विरोध आहे. असे केल्याने त्याला एखाद्या दिवसाचे भाषण आणि एखादे गुलाबाचे फूल एवढेच मिळते. आंतरराष्ट्रीय पातळीवरही आधी हीच चूक झाली होती. श्रम संघटनेची 1965 ची शिफारस कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या 'स्त्रियां'पुरती होती. 1981 साली तिच्या जागी जो करार आला, तो क्रमांक 156 चा करार, त्यात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही कामगारांचा उल्लेख झाला. कौटुंबिक जबाबदारी हे कोणालाही कामावरून काढण्याचे वैध कारण होऊ शकत नाही, असे त्याच्या आठव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या जोडीच्या शिफारशीत अवलंबून असलेले मूल आजारी पडल्यास पालकाला, मग तो आई असो की वडील, रजा मिळण्याची सोय असावी असेही सुचवले आहे. म्हणजे 'बँकेचे काम' असे लिहिणाऱ्या त्या वडिलांना खरे कारण लिहिता यावे, याचा विचार चाळीस वर्षांपूर्वीच झालेला आहे. तो रजेच्या अर्जापर्यंत मात्र पोचलेला नाही.

का पोचला नाही, याचे उत्तर मला गोपनीय अहवालांत सापडले. चांगल्या कर्मचाऱ्याविषयी वरिष्ठांनी लिहायची काही ठरावीक वाक्ये असतात. त्यांतील सर्वांत मानाचे वाक्य म्हणजे 'घड्याळाकडे न पाहता काम करतात'. हे वाक्य मी शेकडो अहवालांत वाचले असेन. नेमून दिलेले काम नेमक्या वेळेत आणि बिनचूक करून जो वेळेवर घरी जातो, त्याच्या अहवालात ते कधी आले नाही. दिवसभर रेंगाळून संध्याकाळी साहेबांच्या नजरेसमोर थांबणाऱ्याच्या अहवालात ते हमखास आले. बढतीच्या वेळी हेच अहवाल उघडले जातात. 2023 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी नेमके हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले आहे. अनेक मोठ्या मोबदल्याच्या व्यवसायांत दुप्पट तास देणाऱ्याला, आणि हाक मारताच हजर होणाऱ्याला, दुपटीपेक्षा जास्त मिळकत मिळते. त्यामुळे मुले झाल्यावर जोडप्यातील एकाने, बहुधा पुरुषाने, तशी नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घराच्या हाकेला उपलब्ध राहील अशी नोकरी धरायची, हेच त्या कुटुंबाला व्यवहाराचे ठरते. एकाच्या पदरी बढती पडते पण मुलाचे बालपण निसटते, दुसऱ्याच्या वाट्याला मूल येते पण बढती हुकते, आणि दोघेही आपापल्या जागी खंतावतात. याला दोघांची वैयक्तिक निवड म्हणणे फार सोपे आहे.

तासांविषयी म्हणायचे तर, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेला अभ्यास व्यवस्थापकांनी एकदा तरी वाचावा. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्के आणि रक्तपुरवठ्याच्या अभावी होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्के अधिक असतो, आणि 2016 या एका वर्षात अशा दीर्घ तासांमुळे जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार मृत्यू झाले, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे तास नोकरीधंद्याचे आहेत. घरी गेल्यावर सुरू होणारी दुसरी पाळी त्यांत धरलेली नाही. त्याआधी 2019 साली आरोग्य संघटनेने 'बर्नआउट' या अवस्थेची व्याख्या केली, तीही लक्षात घेण्यासारखी आहे. शक्तिपात झाल्यासारखा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, ही तिची तीन लक्षणे. आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळला गेलेला ताण हे तिचे कारण. संघटनेने तिला आजार म्हटलेले नाही, व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे. असे असताना तिच्यावरचा उपाय म्हणून कर्मचाऱ्यांना ध्यानधारणेच्या वर्गाला बसवणे, आणि तेही कार्यालयीन वेळेनंतर, हा प्रकार मला अजून उमगलेला नाही.

व्यवस्थापनाची बाजू मी ऐकलेली आहे, नव्हे, अनेकदा ती कर्मचाऱ्यांना समजावून सांगण्याचे कामही माझ्याकडे आलेले आहे. ग्राहक वेळ बघून येत नाहीत, वरून माहिती मागवली जाते ती तातडीचीच असते, अडचण कधी सांगून येते का, अशी ही बाजू असते. पण जिथे अडचण खरोखरच सांगून येत नाही, अशा ठिकाणांकडे पाहा. रुग्णालय, अग्निशमन केंद्र, रेल्वेचे नियंत्रण कक्ष यांचे सारे कामच आणीबाणीचे. म्हणूनच तिथे पाळ्यांचा तक्ता असतो, 'ऑन कॉल' कोण आहे हे नावानिशी ठरलेले असते, आणि पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय आधीचा माणूस जागा सोडत नसला तरी तो येणार आहे हे त्याला माहीत असते. त्यांचेही हाल होत नाहीत असे नाही, मनुष्यबळ कमी असले की फार होतात. तरी ऐनवेळीची व्यवस्था आधी करून ठेवावी लागते हे तत्त्व तिथे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. याउलट ज्या कार्यालयांतील काम दुसऱ्या दिवशी सकाळी केल्याने कोणाच्या जिवाला धोका नसतो, तिथेच प्रत्येक कागदावर 'अतितातडीचे' असा शिक्का मारलेला असतो. ही तातडी बहुतेक वेळा वरच्या पातळीवर चार दिवस पडून राहिलेल्या कागदातून जन्माला येते.

दुसरा आक्षेप सहकाऱ्यांचा असतो आणि तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. मुलाबाळांच्या नावाखाली काहीजण वेळेवर निघून जातात आणि त्यांचे काम एकट्या राहणाऱ्यांच्या गळ्यात पडते, अशी तक्रार माझ्याकडे कितीतरी जणांनी केली आहे. ती खोटी नव्हती. अविवाहित माणसाला घरच नसते, अशी एक चमत्कारिक समजूत कार्यालयांत असते. त्याचेही आई-वडील असतात, भावंडे असतात, आणि कोणीही नसले तरी संध्याकाळ त्याचीच असते. पण या भांडणात दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि एका माणसाच्या जागेवर दोघांचे काम सोपवणारा मात्र सुटतो.

मोबाइल आल्यापासून कार्यालय सुटण्याची वेळच नाहीशी झाली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. काही देशांनी त्यावर कायदे केले आहेत. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या आस्थापनांना कामाबाहेरच्या वेळेतील संपर्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाट करणे बंधनकारक आहे, पोर्तुगालने 2021 साली कामाबाहेरच्या वेळेत संपर्क न करण्याची जबाबदारीच मालकावर टाकली, आणि ऑस्ट्रेलियात 2024 पासून अशा संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळाला. हे स्वागतार्हच आहे. मात्र रात्री फोन वाजला नाही तरी 'सकाळी नऊपर्यंत पाहिजे' असे दुपारीच सांगितलेले काम रात्रीच करावे लागते, त्यामुळे केवळ संपर्कबंदीने फारसे साधेल असे मला वाटत नाही.

माझ्या सूचना कागदी कामाच्या पातळीवरच्या आहेत, आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही. रजेच्या अर्जात 'कुटुंबातील व्यक्तीचे आजारपण' असे कारण छापूनच द्यावे, म्हणजे कोणाला खोटे लिहावे लागणार नाही आणि खरी परिस्थिती नोंदीत येईल. अवलंबून असलेल्या व्यक्तीची अचानक अडचण निभावण्यापुरती सुट्टी हा हक्क असावा. ब्रिटनमध्ये तो विनावेतन का होईना, कायद्यात आहे, आणि युरोपीय संघाच्या 2019 च्या निर्देशात आजारी नातेवाइकाच्या देखभालीसाठी वर्षाला किमान पाच दिवसांच्या रजेची तरतूद आहे. कामाच्या शेवटच्या तासात बैठक बोलवायची असेल तर ती आदल्या दिवशी कळवावी, आणि न कळवता बोलावली तर ज्याला थांबता येत नाही त्याच्या अनुपस्थितीची नोंद होऊ नये. प्रत्येक काम किमान दोघांना येत असावे. आणि ते 'घड्याळाकडे न पाहता' हे वाक्य गोपनीय अहवालांतून कायमचे काढून टाकावे.

पाळ्यांच्या बाबतीत एक अनुभव सांगण्यासारखा आहे. आमच्याकडील एका विभागात नवीन आलेल्या पर्यवेक्षिकेने पाळ्यांचा तक्ता आठवडा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी लावण्याची जुनी रीत बंद केली आणि तो पंधरा दिवस आधी लावायला सुरुवात केली. शिवाय दोन कर्मचाऱ्यांनी आपापसात पाळी बदलायची ठरवली, तर दोघांच्या सह्यांची चिठ्ठी तिच्या खणात टाकली की पुरे, परवानगीसाठी ताटकळायचे नाही, असे तिने सांगून टाकले. शिस्त बिघडेल, अशी कुजबुज वरच्या मजल्यावर झाली. प्रत्यक्षात त्या विभागातून न सांगता गैरहजर राहण्याचे प्रकार इतके कमी झाले, की माझ्या टेबलावर येणारी त्यांची खुलासापत्रे जवळजवळ थांबली. कोणाला जास्त पगार दिला गेला नव्हता, तास कमी केले गेले नव्हते, काम तेवढेच होते. पुढे तिची बदली झाली आणि तिच्या जागी आलेल्या गृहस्थांनी तक्ता पुन्हा आदल्या दिवशी लावायला सुरुवात केली. खुलासापत्रेही पूर्ववत येऊ लागली.

आपल्या वृत्तपत्रातून अधूनमधून 'उत्तम कार्यस्थळ' म्हणून गौरवलेल्या आस्थापनांची ओळख करून दिली जाते. तिथली उपाहारगृहे, व्यायामशाळा, खेळाची टेबले यांची छायाचित्रे असतात. आपल्या प्रतिनिधींनी यापुढे अशा ठिकाणी गेल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावेत, अशी माझी विनंती आहे. मागच्या महिन्यात कार्यालय सुटण्याच्या वेळेनंतर किती बैठका झाल्या आणि त्यांची सूचना किती आधी दिली होती, हा एक. आणि मूल आजारी आहे असे लिहून मागच्या वर्षी किती पुरुषांनी रजा घेतली, हा दुसरा. उत्तरे मिळाली तर ती छापावीत, आणि मिळाली नाहीत तर तसे छापावे.

आपली नम्र,
एक निवृत्त आस्थापना अधिकारी